कोर्टाची पायरी चढलेली माणसं

१९६२ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या टपालात फ्लोरिडातल्या एका तुरुंगातून पाकीट आलं. आत तुरुंगाने पुरवलेल्या रेघांच्या कागदावर शिसपेन्सिलीने लिहिलेला अर्ज होता. अर्जदाराचं नाव क्लॅरन्स अर्ल गिडियन. वय एक्कावन्न, शिक्षण आठवीपर्यंत, आणि तुरुंगाची ही काही पहिली वारी नव्हती. पनामा सिटी नावाच्या गावात एक पूल रूम, म्हणजे बिलियर्डसारखा खेळ चालतो तो अड्डा, फोडून त्याने सिगारेटच्या आणि गाण्यांच्या मशीनमधली चिल्लर आणि थोडी दारू लांबवली, असा आरोप होता. शिक्षा पाच वर्षं.

खटला उभा राहिला तेव्हा त्याने न्यायाधीशांना सांगितलं होतं, माझ्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, मला वकील द्या. न्यायाधीश म्हणाले, माफ करा, फ्लोरिडाच्या कायद्यात देहदंडाचा गुन्हा असेल तरच सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यावर गिडियनने ठणकावलं, मला वकील मिळाला पाहिजे असं सुप्रीम कोर्टच म्हणतं.

सुप्रीम कोर्ट असं काही म्हणत नव्हतं. १९४२ साली बेट्स विरुद्ध ब्रेडी या खटल्यात त्याच कोर्टाने नेमकं उलटं सांगून ठेवलं होतं: राज्याच्या कोर्टात गरीब आरोपीला वकील मिळण्याचा सरसकट हक्क नाही. गिडियनने ठोकून दिलेलं विधान त्या दिवशी साफ चूक होतं. दीड वर्षाने ते बरोबर ठरलं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेतले बरेचसे नागरी हक्क तसं न वागलेल्या माणसांच्या नावावर आहेत. त्यांतली सगळीच सज्जन नव्हती, आणि गंमत म्हणजे त्यांतली बरीचशी स्वतःचा खटला हरलेली आहेत.

सनद होती, पण कोणावर?

अमेरिकेची घटना १७८७ साली लिहिली गेली. मूळ मजकूर जेमतेम साडेचार हजार शब्दांचा, एखाद्या दिवाळी अंकातल्या दीर्घ लेखाएवढा. भारताची घटना तिच्यापुढे पोथीच म्हणायची. १७९१ मध्ये तिला दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या. हीच ती ‘बिल ऑफ राइट्स’, हक्कांची सनद. बोलण्याचं, छापण्याचं, धर्माचं स्वातंत्र्य पहिल्या दुरुस्तीत. विनाकारण झडतीपासून संरक्षण चौथीत. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, हे पाचवीत. आणि फौजदारी खटल्यात आरोपीला वकिलाची मदत मिळेल, हे सहावीत. चक्क लिहिलेलं आहे.

मग गिडियनला वकील का नाही?

कारण ही सनद राज्यांना लागूच नव्हती. १८३३ सालचा बॅरन विरुद्ध बाल्टिमोर हा खटला याचं मूळ. बॅरन या माणसाचा बाल्टिमोर बंदरात मालाचा धक्का होता. शहराने रस्ते बांधताना ओढ्यांचे प्रवाह वळवले, धक्क्यापाशी गाळ साचला आणि मोठी जहाजं लागेनाशी झाली. पाचव्या दुरुस्तीत लिहिलंय की मोबदला दिल्याशिवाय सरकारने खासगी मालमत्ता घेऊ नये, तर मला भरपाई द्या, असं त्याचं म्हणणं. मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल यांनी सांगितलं, ही सनद केंद्र सरकारचे हात बांधते, राज्यांचे आणि त्यांच्या शहरांचे नाही. कल्पना करा, आपले मूलभूत हक्क दिल्लीतल्या सरकारविरुद्ध चालतात, पण मंत्रालयाविरुद्ध किंवा महापालिकेविरुद्ध नाहीत. पोलीस, शाळा, तुरुंग, लग्नाचे कायदे हे सगळं तिथे राज्यांच्या हातात. म्हणजे माणसाचा रोज जिथे सरकारशी संबंध येतो, तिथे सनद मुकी.

इथे एक आडवाट घेतो. संसदेने केलेला कायदा कोर्टाने घटनाबाह्य ठरवून रद्द करावा, हा अधिकार अमेरिकी घटनेत स्पष्ट शब्दांत कुठेच लिहिलेला नाही. तो १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन या निकालातून आला. मावळते अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी जाता जाता आपल्या माणसांच्या नेमणुका उरकल्या. विल्यम मार्बरीला छोटंसं न्यायदंडाधिकारीपद मिळालं. सही-शिक्का झाला, पण नेमणुकीचा कागद त्याच्या हाती पडायचा राहून गेला. नवे अध्यक्ष जेफरसन यांच्या सरकारने तो अडवला. मार्बरी थेट सुप्रीम कोर्टात गेला. कागद पोचवायचं ज्यांच्याकडून राहिलं ते आधीच्या सरकारातले परराष्ट्रमंत्री म्हणजे हेच जॉन मार्शल, आणि खटला ऐकायला मुख्य न्यायाधीश म्हणून बसलेलेही तेच! आज असं झालं तर वाहिन्यांना आठवडाभर दुसरा विषय लागणार नाही.

मार्शल यांचा निकाल धूर्तपणाचा नमुना आहे. मार्बरीचा हक्क खरा, सरकार चूक. पण त्याला थेट आमच्याकडून हुकूम मिळवायची सोय ज्या कायद्याने केली, तो १७८९ चा कायदाच घटनेशी विसंगत, म्हणून आम्ही हुकूम देऊ शकत नाही. मार्बरी रिकाम्या हाताने घरी गेला. जेफरसनना काही करायचंच नव्हतं, त्यामुळे निकाल धुडकावायची संधीही त्यांना मिळाली नाही. आणि कायदा घटनेच्या तराजूत तोलायचं काम कोर्टाकडे आलं ते कायमचं.

केंद्राचा कायदा रद्द करायला हा अधिकार कोर्टाने पुन्हा वापरला तो थेट १८५७ मध्ये, ड्रेड स्कॉट खटल्यात, आणि तिथे त्याचा चिखल केला. गुलाम म्हणून आणलेल्या काळ्या माणसांचे वंशज अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत, असं सात विरुद्ध दोन मतांनी ठरलं. चार वर्षांत यादवी युद्ध पेटलं. युद्धानंतर १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती झाली. अमेरिकी हक्कांबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. तिच्या पहिल्याच कलमात तीन गोष्टी आहेत: अमेरिकेत जन्मलेला आणि तिच्या अधिकारकक्षेत असलेला माणूस नागरिक, ‘ड्यू प्रोसेस’, म्हणजे न्याय्य कायदेशीर प्रक्रिया, पाळल्याशिवाय कोणतंही राज्य कोणाचा जीव, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेणार नाही, आणि कायद्याचं संरक्षण सगळ्यांना सारखं. ‘ड्यू प्रोसेस’च्या जोडीला ‘कोणतंही राज्य’ हे शब्द पहिल्यांदाच आले. बॅरनचा दावा बुडाल्यानंतर पस्तीस वर्षांनी.

ठरवून केलेली अटक

शब्द आले म्हणजे हक्क आले असं नाही, हे न्यू ऑर्लीन्समध्ये कळलं. लुइझियाना राज्याने १८९० मध्ये आगगाडीत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे डबे वेगळे करणारा कायदा केला. तिथल्या काही नागरिकांनी समिती स्थापून तो कायदा कोर्टात खेचायचं ठरवलं. त्यासाठी कोणीतरी अटक करून घ्यायला हवी होती. होमर प्लेसी या चर्मकाराची निवड झाली. त्याच्या आठ पणजोबा-पणजींपैकी एकच आफ्रिकी वंशाचा, दिसायला तो गोराच. म्हणजे कायद्याचा वेडेपणा उघडा पडावा म्हणूनच त्याला निवडलेलं. रेल्वे कंपनीला आधी कळवलेलं होतं; जादा डब्यांचा खर्च तिलाही नको होता. अटक करणारा गुप्तहेरसुद्धा समितीनेच पैसे देऊन आणलेला. ७ जून १८९२ ला प्लेसी पहिल्या वर्गाचं तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला, आपण कोण ते त्याने सांगितलं आणि ठरल्याप्रमाणे पकडला गेला.

योजना चोख होती. निकाल १८९६ मध्ये लागला, सात विरुद्ध एक, प्लेसीच्या विरोधात. डबे वेगळे पण सोयी सारख्या असतील तर समानतेचा भंग नाही, असं कोर्ट म्हणालं. ‘वेगळे पण समान’ या सूत्रावर पुढची अठ्ठावन्न वर्षं शाळा, दवाखाने, पाण्याचे नळ, बाकडी सगळं वाटलं गेलं. पाणवठ्यावरून सत्याग्रह करावा लागलेल्या महाराष्ट्राला यात काय अपमान होता ते समजावून सांगायची गरज नाही.

एकटे विरोधात उभे राहिले ते न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन, एका गुलाममालक कुटुंबात वाढलेले. आमची घटना रंग पाहत नाही, असं त्यांनी लिहिलं. ते मत आजही आदराने उद्धृत होतं. त्याच मतात चिनी लोकांबद्दल त्यांनी जे लिहिलंय ते मात्र उद्धृत करणारे बहुधा गाळतात. त्यांच्या मते तो वंश इतका वेगळा की त्यांना आपण नागरिकही होऊ देत नाही. न्यायाची नजरही एका दिशेला तीक्ष्ण आणि दुसरीला अधू असू शकते. या हार्लन यांच्याकडे पुढे पुन्हा यायचंय.

‘वेगळे पण समान’ मोडलं ते १७ मे १९५४ ला, ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन या निकालाने. नऊ विरुद्ध शून्य. हा विजय एका दिवसात आलेला नव्हता. चार्ल्स ह्यूस्टन आणि त्यांचे शिष्य थरगूड मार्शल हे वकील वीसेक वर्षं कड्याला खालून सुरुंग लावत आले होते. आधी विद्यापीठांच्या विधी महाविद्यालयांचे खटले, कारण तिथे ‘समान’ किती खोटं आहे ते न्यायाधीशांना स्वतःच्या अनुभवावरून कळायचं. मग शाळा. ब्राउन हा खरं तर पाच खटल्यांचा जुडगा. कॅन्ससमधलं ब्राउन नाव वर आलं, पण मला त्यांतला व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीचा खटला जास्त महत्त्वाचा वाटतो.

तिथली काळ्या मुलांची शाळा मुलांना पुरत नव्हती, म्हणून डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत वर्ग भरत. १९५१ च्या एप्रिलमध्ये बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने सगळी शाळा संपावर काढली. मोठ्या माणसांना न विचारता. वकील आले ते संप झाल्यावर. त्यांनी अट घातली, नवी इमारत मागू नका, वेगळेपणच संपवा असं मागा. तर आम्ही लढतो. मुलं जिंकली. पण कोर्टाने अंमलबजावणीसाठी १९५५ मध्ये जो दुसरा आदेश काढला त्यात मुदतच घातली नाही. काम विचारपूर्वक पण त्वरेने करा, अशा अर्थाचे मोघम शब्द वापरले. दक्षिणेतल्या राज्यांनी त्यातला फक्त ‘विचारपूर्वक’ उचलला. कोर्टाकडे ना पोलीस, ना तिजोरी. १९५७ मध्ये लिटल रॉक इथे नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शाळेच्या दारातून आत न्यायला अध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर पाठवावं लागलं.

आणि प्रिन्स एडवर्ड काउंटीने काय केलं? एकत्र शाळा चालवण्यापेक्षा शाळाच बंद केल्या. सगळ्या सरकारी शाळा, १९५९ पासून १९६४ पर्यंत. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, तिला सरकारी अनुदानाचा टेकू मिळाला. काळी मुलं काही नातेवाइकांकडे परगावी गेली, बाकीची घरी बसली. जी मुलगी १९५१ मध्ये संपावर गेली तिच्या धाकट्या भावंडांच्या वयाच्या मुलांनी संपाची किंमत मोजली. कुलपं उघडायला १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाला आणखी एक निकाल द्यावा लागला.

गिडियनची दुसरी तारीख

चौदाव्या दुरुस्तीने राज्यांना बांधलं खरं, पण सनदेतली कोणती कलमं राज्यांना लागू होणार? सगळी एकदम, असं कोर्ट कधीच म्हणालं नाही. एकेक हक्क उचलायचा, तो ‘ड्यू प्रोसेस’मधल्या ‘स्वातंत्र्य’ या शब्दात बसतो का पाहायचं, बसला तर राज्यांना लागू. असं हप्त्याहप्त्याने काम चाललं. भाषणस्वातंत्र्य १९२५ च्या गिटलो खटल्यात आत आलं. बेंजामिन गिटलोची शिक्षा मात्र कायम राहिली. बंदूक बाळगण्याचा हक्क शिकागोच्या खटल्यात २०१० मध्ये.

१९६१ मध्ये झडतीचा नंबर लागला. क्लीव्हलंडमध्ये डॉलरी मॅप या बाईच्या घरी पोलीस बॉम्बस्फोटातला संशयित शोधायला आले. वॉरंट दाखवा, म्हणाली. पोलिसांनी एक कागद फडकावला, तिने तो हिसकावून पोलक्यात खोचला, पोलिसांनी झटापट करून परत काढला. तो कागद खटल्यात कधीच पुढे आला नाही. बॉम्बस्फोटाचा पुरावा मिळाला नाही. तळघरातल्या ट्रंकेत काही अश्लील पुस्तकं सापडली आणि त्यावर तिला शिक्षा झाली. सुप्रीम कोर्ट म्हणालं, बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा राज्याच्या कोर्टातही चालणार नाही.

मग आला गिडियनचा पेन्सिलीचा अर्ज. सुप्रीम कोर्टात असे शेकडो अर्ज येत, बहुतेक एका ओळीत निकाली निघत. हा घेतला गेला, कारण बेट्सचा निकाल बदलायची वेळ आलीये असं न्यायाधीशांतल्या काहींना वाटत होतं आणि त्यांना साजेसा खटला हवा होता. खालच्या कोर्टात ज्याला वकील मिळाला नाही, त्याला इथे कोर्टाने वॉशिंग्टनमधल्या नामांकित वकिलांपैकी एक दिला: एब फोर्टास. फोर्टास यांनी मांडलेला मुद्दा सरळ होता. अडचणीत सापडलेला निष्णात वकीलसुद्धा स्वतःसाठी दुसरा वकील नेमतो; मग आठवी शिकलेल्याने साक्षीदारांची उलटतपासणी कशी करायची? फ्लोरिडाने इतर राज्यांना पत्रं पाठवली की आमच्या बाजूने या. झालं उलटं. बावीस राज्यांनी गिडियनच्या बाजूने निवेदन दिलं.

१८ मार्च १९६३ ला नऊच्या नऊ न्यायाधीशांनी बेट्स रद्द केला. निकाल लिहिला ह्यूगो ब्लॅक यांनी. १९४२ मध्ये बेट्सला विरोध करणारं मत त्यांचंच होतं. एकवीस वर्षं थांबून स्वतःचं अल्पमत बहुमत झालेलं पाहण्याचं भाग्य फार थोड्या न्यायाधीशांना मिळतं.

गिडियन सुटला नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्याला मिळाला फक्त नवा खटला. त्याच गावात, त्याच न्यायाधीशांपुढे, ऑगस्ट १९६३ मध्ये. या वेळी फ्रेड टर्नर हा स्थानिक वकील होता. मुख्य साक्षीदाराने गिडियनला पहाटे पूल रूममधून बाहेर पडताना पाहिलं असं म्हटलेलं. टर्नरने त्याची अशी उलटतपासणी घेतली की चोरीत तोच सामील असावा अशी शंका ज्युरीच्या मनात बसली. तासाभरात निकाल आला: निर्दोष. पुरावा तोच, साक्षीदार तोच, फरक एका वकिलाचा. फ्लोरिडात वकिलाशिवाय शिक्षा झालेले सुमारे दोन हजार कैदी या निकालाच्या आधाराने सुटले.

फोर्टास पुढे स्वतः सुप्रीम कोर्टात न्यायाधीश झाले. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ हाताला काळी फीत बांधून शाळेत गेलेल्या आयोवातल्या मुलांचा १९६९ चा टिंकर निकाल त्यांनी लिहिला. शाळेच्या फाटकापाशी विद्यार्थी आपलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य उतरवून ठेवत नाहीत, हे त्यातलं म्हणणं. त्याच वर्षी पैशांच्या एका वादग्रस्त व्यवहारावरून त्यांना राजीनामा द्यावा लागला.

गिडियनचा चुलतभाऊ म्हणावा असा निकाल म्हणजे १९६६ चा मिरांडा. ‘तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे’ हे हॉलिवूडच्या पोलिसांचं वाक्य यातून आलं. ॲरिझोनातल्या अर्नेस्टो मिरांडाने अपहरण आणि बलात्काराच्या गुन्ह्यात दोन तासांच्या चौकशीनंतर कबुलीजबाब दिला होता. गप्प राहता येतं, वकील मागता येतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पाच विरुद्ध चार मतांनी कोर्टाने ठरवलं की ताब्यात घेऊन प्रश्न विचारण्याआधी हे सांगायलाच हवं. सिनेमांमुळे याबद्दल दोन गैरसमज घट्ट बसलेत. पोलिसांनी ते वाक्य म्हटलं नाही तर अटकच रद्द होते, हा एक. तसं नाही, फक्त तो जबाब खटल्यात वापरता येत नाही. मिरांडावर जबाब बाजूला ठेवून पुन्हा खटला चालला आणि त्याला पुन्हा शिक्षा झाली. दुसरा गैरसमज, नुसतं गप्प बसलं की हक्क वापरला. २०१० मध्ये कोर्टाने सांगितलं, गप्प राहायचंय हे तोंडाने सांगावं लागेल. मौन पाळायचं असेल तर आधी बोला!

जन्मलेला आणि आलेला

वाँग किम आर्क १८७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मला. धंद्याने स्वयंपाकी. १८९५ मध्ये चीनला जाऊन परत आला तेव्हा त्याला बोटीवरून उतरू दिलं नाही. तू नागरिक नाहीस, म्हणाले. त्या काळी चिनी मजुरांना अमेरिकेत यायला कायद्याने बंदी होती आणि त्याच्या आईबापांना नागरिक होणं शक्यच नव्हतं. १८९८ मध्ये कोर्टाने सहा विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, चौदावी दुरुस्ती जन्माची जागा बघते, आईबापांचा वंश नाही. विरोधातल्या दोघांत एक होते रंग न पाहणाऱ्या घटनेचे तेच न्यायमूर्ती हार्लन.

आता याच्या शेजारी भगतसिंग थिंद यांची गोष्ट ठेवा. अमृतसरजवळच्या गावातून आलेले शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झालेले. नागरिकत्वाच्या कायद्यात त्या काळी ‘गोरा माणूस’ ही अट होती. (आफ्रिकी वंशाच्या लोकांना यादवी युद्धानंतर वेगळी वाट मिळाली होती. अधलेमधले आपण.) १९२२ मध्ये एका जपानी अर्जदाराला कोर्टाने सांगितलं होतं, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, कातडीचा रंग महत्त्वाचा नाही. थिंद यांनी हाच धागा पकडला: त्या काळचे मानववंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियन म्हणतात, आणि मी तर उच्च जातीचा, शुद्ध रक्ताचा. जातीचा दाखला घेऊन वॉशिंग्टनच्या कोर्टात! तीन महिन्यांत कोर्टाने एकमताने टोपी फिरवली. शास्त्र राहू दे, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. फेब्रुवारी १९२३ च्या या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. भारतीयांना नागरिक व्हायची वाट १९४६ च्या कायद्याने उघडली.

काटेकोरपणे पाहिलं तर थिंद हा घटनेच्या अर्थाचा खटला नाही, साध्या कायद्याच्या अर्थाचा आहे. पण म्हणूनच तो वाँगच्या शेजारी ठेवायचा. वाँगचा हक्क घटनेत होता, संसदेला तो काढता येत नव्हता. थिंद यांचा हक्क कायद्याच्या एका शब्दावर टांगलेला होता. एच-वन-बी व्हिसावर न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी घरांमध्ये हा फरक जानेवारी २०२५ मध्ये अचानक जेवणाच्या टेबलावर आला. तात्पुरत्या व्हिसावरच्या पालकांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व मिळणार नाही, असा अध्यक्षीय आदेश निघाला आणि त्याविरुद्धच्या दाव्यांत एकशे सत्तावीस वर्षांपूर्वीच्या एका स्वयंपाक्याचं नाव पानोपानी येऊ लागलं.

दिलेलं परत घेता येतं

व्हर्जिनियाच्या रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग यांना १९५८ मध्ये रात्री झोपेतून उठवून अटक झाली. गुन्हा: तो गोरा, ती काळी, आणि दोघं नवरा-बायको. पंचवीस वर्षं राज्यात एकत्र परत यायचं नाही या अटीवर शिक्षा स्थगित झाली. १९६७ मध्ये कोर्टाने एकमताने सोळा राज्यांतले असे कायदे रद्द केले. लग्नाचा उल्लेख घटनेत नाही. तो ‘समान संरक्षण’ आणि ‘स्वातंत्र्य’ या दोन शब्दांतून काढला. याच ‘स्वातंत्र्य’ शब्दातून १९७३ मध्ये रो निकालाने गर्भपाताचा हक्क काढला, २०१५ मध्ये समलिंगी विवाहाचा.

आणि २४ जून २०२२ ला डॉब्स निकालाने रो रद्द झाला. बहुमताचं म्हणणं असं की हा हक्क ना मजकुरात आहे, ना देशाच्या इतिहासात रुजलेला. तेव्हा तो राज्यांच्या कायदेमंडळांनी ठरवावा. न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी वेगळं लिहून सुचवलं की त्याच मुळावरचे गर्भनिरोधक आणि समलिंगी विवाहाचे निकालही पुन्हा तपासावेत. लव्हिंगचा उल्लेख मात्र त्यांनी केला नाही. त्यांचा स्वतःचा विवाह आंतरवर्णीय आहे. बेट्स रद्द झाला तेव्हा जल्लोष करणाऱ्यांना इथे कळलं की पायंडा मोडायचं हत्यार दोन्ही बाजूंना चालतं. कोर्ट तेच आणि घटनेतला शब्दही तोच होता. बदलली होती खुर्चीतली माणसं.

नेमकी हीच भीती भारताच्या घटनाकारांना वाटली होती. मसुद्यावर काम करणारे बेनेगल नरसिंह राव १९४७ मध्ये अमेरिकेत जाऊन न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले. ‘ड्यू प्रोसेस’ हे शब्द घेऊ नका, असा सल्ला अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्याच या न्यायाधीशांनी दिला. लोकांनी निवडलेल्यांचे कायदे मोडायची फार मोठी ताकद त्यातून मूठभर न्यायाधीशांना मिळते. म्हणून आपल्या एकविसाव्या कलमात ‘कायद्याने घालून दिलेली पद्धत’ असे साधे शब्द आले. कायदेमंडळावर पूर्ण विश्वास टाकावा की पाच-सहा न्यायाधीशांवर, हे ठरवणं अवघड आहे, असं घटनासभेत डॉ. आंबेडकरांनी मोकळेपणाने सांगितलं होतं.

दाराबाहेर ठेवलेली ‘ड्यू प्रोसेस’ खिडकीतून आत आली ती १९७८ मध्ये. मनेका गांधी खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की ती पद्धत न्याय्य आणि वाजवीही हवी. त्याच वर्षी होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे आला. बनावट पदव्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिलेला एक प्राध्यापक. अपील करायला चार वर्षं उशीर का झाला, तर त्याच्या म्हणण्याप्रमाणे निकालाची प्रत तुरुंगात त्याच्या हाती पडलीच नाही. कोर्टाने सांगितलं, कैद्याला निकालाची प्रत फुकट मिळाली पाहिजे, आणि ऐपत नसेल तर अपिलासाठी वकील राज्याने द्यायला हवा. गिडियनचा हक्क येरवड्याच्या दारात येऊन उभा राहिला. होसकोट यांची स्वतःची याचिका त्याच निकालात फेटाळली गेली. शिक्षा तर ते जवळजवळ सगळी भोगूनच आले होते.